शास्त्रांमधले बांध

व्याख्यानमालेत एक गोष्ट दरवर्षी घडते आणि तिच्याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. एके दिवशी इतिहासाचे अभ्यासक बोलतात, दुसऱ्या दिवशी शेतीतज्ज्ञ, तिसऱ्या दिवशी डॉक्टर किंवा अर्थशास्त्राचे प्राध्यापक. प्रत्येक वक्ता आपला विषय मांडून निघून जातो. आदल्या संध्याकाळी त्याच व्यासपीठावरून काय सांगितले गेले हे त्याला बहुधा ठाऊक नसते. समोरचा श्रोता मात्र तोच असतो. न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, आणि पुढे तिच्या धर्तीवर गावोगावी अशा माला निघाल्या. त्या सर्वांत निरनिराळ्या शास्त्रांची गाठ घालून देण्याचे काम श्रोत्यांच्या खुर्च्यांतच होत आलेले आहे. तेव्हा एकाच प्रश्नाकडे अनेक शास्त्रांच्या उजेडात पाहिल्याने आपल्या विचार करण्याच्या सवयीत काय फरक पडतो, हा विषय श्रोत्यांपुढे मांडणे म्हणजे त्यांचाच अनुभव त्यांना सांगण्यासारखे आहे.

हल्ली ह्या प्रकाराला 'आंतरविद्याशाखीय अभ्यास' असे म्हणतात. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात त्या कल्पनेला मानाचे पान मिळाले आहे. शब्द अवजड आहे, पण त्याला भिण्याचे कारण नाही. शेताला जसा बांध, तसा विषयाला. बांध हवाच, नाहीतर कोणी काय पेरले हे कळणार नाही आणि राखणही होणार नाही. पण पाऊस, कीड आणि रानडुक्कर बांध पाहून येत नाहीत, आणि माणसाच्या आयुष्यातले प्रश्नही येत नाहीत. जुन्नर आणि आंबेगाव ह्या दोन तालुक्यांत ह्याची उदाहरणे इतकी जवळजवळ सापडतात की, दूरच्या विद्यापीठांचे दाखले देण्याची आम्हांला गरज वाटत नाही.

पहिले उदाहरण बिबट्याचे घेऊ. ते सर्वांच्या माहितीचे आहे आणि जिवाशी खेळ असलेले आहे. बिबट्या गावात आला, शेळी नेली, कधी अंगणातले मूल नेले, की मागणी एकच होते : पिंजरा लावा आणि जनावर घेऊन जा. ही मागणी चुकीची आहे असे ज्याच्या घरातले मूल गेले त्याला सांगण्याचा अधिकार कोणालाही नाही. वनखात्यानेही तेच केले. जुन्नर वनविभागात २००१ ते २००३ ह्या काळात बिबटे मोठ्या प्रमाणावर पकडून आसपासच्या जंगलांत, सरासरी सुमारे ४० किलोमीटर अंतरावर, सोडण्यात आले. एका शास्त्राच्या दृष्टीने हे अगदी सरळ होते. जंगलाचा प्राणी जंगलात गेला, हिशेब मिटला.

पुढे विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ह्या काळातील नोंदी तपासल्या. त्यांचा निबंध २०११ साली प्रसिद्ध झाला. १९९३ ते २००१ ह्या वर्षांत ह्या विभागात माणसांवरील हल्ल्यांची सरासरी वर्षाला ४ होती. मोहीम सुरू झाल्यावर ती १७ वर गेली. हल्ल्यांपैकी प्राणघातक हल्ल्यांचे प्रमाणही दुप्पट झाले. ज्या उपायाने भय कमी व्हावे, त्याच्याच काळात ते चौपट झाले होते. ह्याची उपपत्ती अभ्यासक अशी लावतात की, बिबट्या हा आपला मुलूख राखून असणारा प्राणी आहे. त्याला उचलून अनोळखी ठिकाणी सोडले की तो परतू पाहतो. वाटेत त्याला ना पाणी ठाऊक असते, ना आडोसा, ना माणसांची वहिवाट. पिंजऱ्यात आणि गर्दीत सोसलेला त्रास निराळाच. शिवाय त्याची रिकामी झालेली जागा दुसरा बिबट्या घेतो.

येथे एका साध्या गोष्टीकडे लक्ष वेधावेसे वाटते. ह्या शोधाला कोणतेही महागडे यंत्र लागले नाही. 'आधी किती होते?' एवढा एक प्रश्न लागला. हा प्रश्न प्राणिशास्त्राचा नाही. तो हिशेब ठेवणाऱ्याचा आहे. किराणा दुकानदार तो रोज विचारतो. पण भय आणि संताप ह्यांच्या ऐन भरात तो विचारायला विसरतो आपण सगळेच, आणि आपल्याच शास्त्रात मुरलेला तज्ज्ञही कित्येकदा विसरतो, कारण त्याला उत्तर आधीच माहीत असते.

आता बिबट्या मुळात येथे स्थिरावला कसा, हे पाहावयाचे तर प्राणिशास्त्र सोडून पाटबंधाऱ्यांकडे जावे लागते. येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे ही कुकडी प्रकल्पाची पाच धरणे. डिंभ्याच्या पाण्याखाली खुद्द जुने आंबेगाव गेले. तालुक्याला नाव त्याचे आहे आणि कचेरी घोडेगावला. कालव्यांनी पाणी आणले, पाण्याने ऊस आणला. ऊस वर्षभर उभा राहतो. आडसाली असेल तर सोळा-अठरा महिने. इतका काळ कोणी आत शिरत नाही असे दाट, थंड, पाण्याजवळचे रान बिबट्याच्या मादीला आणखी कोठे मिळणार? तिची पिले उसातच जन्मतात आणि ऊसतोड सुरू झाली की तोडणी कामगारांच्या हाती लागतात. मग खाद्य. शेजारच्या अकोले तालुक्यात बिबट्याच्या विष्ठेवरून त्याच्या आहाराचा अभ्यास झाला. त्यात पाळीव प्राण्यांचाच वाटा फार मोठा निघाला आणि त्यांत कुत्री सर्वांत पुढे. कुत्री का वाढली, ह्याचे उत्तर उकिरड्यात आणि गावच्या कचऱ्याच्या व्यवस्थेत आहे. शेतीला वीज रात्रीची मिळाली की शेतकरी विजेरी घेऊन अंधारात पाणी द्यायला जातो. म्हणजे वीजमंडळाचे वेळापत्रक हाही बिबट्याच्या प्रश्नाचा भाग झाला. गावठाण सोडून मळ्यात विखुरलेल्या वस्त्या, दाराला लागून असलेला ऊस, घरात नसलेला संडास, उघड्यावर पडलेला धनगरांचा वाडा : ह्यांतील एकही गोष्ट प्राणिशास्त्राच्या पुस्तकात सापडणार नाही.

ह्या सर्व ज्ञानाने प्रश्न सुटला असे मात्र कोणी समजू नये. २०२४ आणि २०२५ सालीही ह्या वनविभागात बिबट्याच्या हल्ल्यांत माणसे मरण पावली. माणिकडोहच्या निवारा केंद्रात किती बिबटे ठेवणार, नसबंदी करावी काय, घातक ठरलेल्या जनावरास ठार मारावे काय, हे वाद चालूच आहेत, आणि ते शास्त्रज्ञांनी परस्पर मिटवावयाचे वाद नाहीत. मेलेल्या मुलाच्या आईची बाजू आणि मुक्या जनावराची बाजू एकाच वेळी मनात धरून, आकडेही समोर ठेवून, बोलणे ही मोठी कठीण गोष्ट आहे. अनेक शास्त्रांच्या अभ्यासातून मूल्ये कशी घडतात असे कोणी विचारले, तर आम्ही त्याला पिंजऱ्याभोवतीची गर्दी दाखवू आणि ह्यांच्याशी काय बोलशील ते आधी ठरव, असे सांगू.

दुसरे उदाहरण त्याच कुकडीच्या काठचे, पण त्यात कोणाचा जीव गुंतलेला नाही. फार तर काही विद्वानांची मते गुंतलेली आहेत. बोरी येथे नदीच्या जुन्या गाळात ज्वालामुखीच्या राखेचा थर आहे. आपल्या सह्याद्रीचा काळा दगड हाही ज्वालामुखीचाच, पण तो कोट्यवधी वर्षांचा जुना. ही राख त्याची नव्हे. १९८० नंतरच्या दशकात डेक्कन कॉलेजच्या अभ्यासकांनी तिच्याकडे लक्ष वेधले. राखेच्या सान्निध्यात आदिमानवाची दगडी हत्यारे सापडत असल्याने राखेचे वय कळले म्हणजे माणसाचा काळ कळणार होता.

एका मोजणीत वय निघाले सुमारे १४ लाख वर्षे. दुसरीत निघाले पावणेसात लाखांच्या आसपास. मग राखेतील काचेच्या बारीक कणांचे रासायनिक पृथक्करण झाले आणि काही शास्त्रज्ञ म्हणाले की, ही राख येथून सुमारे ३००० किलोमीटरांवरील सुमात्रा बेटातील टोबा ज्वालामुखीच्या शेवटच्या महास्फोटाची आहे, म्हणजे अवघी ७५००० वर्षांपूर्वीची. आधीची वये मोठी का आली? मोजणीत स्थानिक जुन्या दगडाचे कण मिसळले असावेत, असे त्यांचे म्हणणे. त्यावर पुरातत्त्वज्ञ म्हणाले की, हत्यारांची घडण तर फार जुन्या धाटणीची आहे. त्यांची संगती कशी लावणार? त्यावर भूशास्त्रज्ञांनी विचारले की, हत्यारे आणि राख एकाच काळी तेथे पडली हे कशावरून? नदी तर जुने-नवे सगळे एकत्र कालवते.

चौदा लाख आणि पाऊण लाख! एवढी तफावत ऐकून एखादा म्हणेल की, ह्या शास्त्रांत काही तथ्य नाही. आमचे मत नेमके उलट आहे. एकाच शास्त्राने निकाल दिला असता तर पहिलाच आकडा पाठ्यपुस्तकात जाऊन बसला असता आणि आपण तो पाठ केला असता. शेजारच्या शास्त्राने बांधावर उभे राहून 'हे कशावरून?' असे विचारले म्हणून तो पुन्हा तपासला गेला. आपल्या शास्त्रातील माणूस तो प्रश्न सहसा विचारीत नाही, कारण त्याची आणि आपली गृहीते एकच असतात. आणि परक्याचा प्रश्न अडाणीपणाचा न मानता त्याचे उत्तर देत बसणे, ह्याला नुसती बुद्धी पुरत नाही. थोडी नम्रता लागते.

ह्या बाबतीत दामोदर धर्मानंद कोसंबी ह्यांचे नाव घेतल्यावाचून पुढे जाता येत नाही. मूळचे गणिती. जुनी नाणी तोलून, वापराने त्यांचे वजन कसे घटते ह्याचा संख्याशास्त्रीय विचार करून त्यांनी इतिहासाला एक नवे साधन दिले. आनुवंशशास्त्रात त्यांचे १९४४ चे एक सूत्र अजून त्यांच्या नावाने ओळखले जाते. हेच गृहस्थ पायी हिंडून खेड्यापाड्यांतील शेंदूर फासलेल्या देवींची नावे टिपीत. जुन्नरच्या मानमोडी डोंगरावरील लेण्यांत प्राचीन लेख आहेत आणि त्यांत 'मानमुकुड' हे नाव येते. ते नाव आणि गावकऱ्यांच्या तोंडचे मानमोडी ह्यांची सांगड त्यांनी घातली. लेख वाचणारे पंडित देवीला जात नव्हते आणि देवीला जाणाऱ्या बायका लेख वाचू शकत नव्हत्या. दोन्हीकडे जाणारा माणूस भेटेपर्यंत ही गोष्ट बोलकी झाली नाही. नाणेघाटाच्या लेखाचेही असेच आहे. धर्माचा अभ्यासक त्यात यज्ञ वाचतो, राजकीय इतिहासाचा अभ्यासक सातवाहनांचे कुळ, आणि गणिताचा इतिहासकार दक्षिणेच्या हिशेबातले अंक, ओळी त्याच.

खोडदच्या रेडिओ दुर्बिणीविषयी स्वतंत्र व्याख्यान व्हावे. येथे एवढेच की, गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांना ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आपल्या देशाला परवडतील अशा उभारावयाच्या होत्या. त्यांनी भरीव पत्र्याऐवजी पोलादी तारांची जाळी ताणून बसवली. वारा आरपार जातो, वजन घटते, खर्च घटतो आणि लांब लहरींना तेवढा पृष्ठभाग पुरतो. खगोलशास्त्र, बांधकाम आणि काटकसर एका टेबलाशी बसल्याशिवाय असली युक्ती सुचत नाही.

माळीणबद्दल लिहिताना लेखणी जड होते. ३० जुलै २०१४ च्या सकाळी आंबेगाव तालुक्यातील ह्या गावावर डोंगर कोसळला आणि दीडशेहून अधिक माणसे गेली. नेहमीच्या एस. टी.च्या चालकाला गाव जागेवर दिसले नाही, तेव्हा बाहेरच्या जगाला खबर लागली. नंतर तज्ज्ञ आले. कोणी सलग कोसळलेल्या पावसाकडे बोट दाखवले, कोणी खडकावरच्या भुसभुशीत थराकडे, कोणी उतारावर यंत्रांनी केलेल्या सपाटीकरणाकडे. प्रत्येकाजवळ एक तुकडा होता. उतारावर पडकईची खाचरे काढणे हे तेथील आदिवासी शेतकऱ्यांचे जुने ज्ञान. यंत्र आले ते निराळ्या वेगाने. पाऊस मोजणारे, माती ओळखणारे, यंत्राला मंजुरी देणारे आणि तेथे हिरडा गोळा करीत पिढ्यान् पिढ्या राहिलेले लोक ह्यांची गाठ दुर्घटनेच्या आधी कोठे पडावयास हवी होती, हा प्रश्न अजून शिल्लक आहे. २०१७ साली नवे माळीण वसले. सह्याद्रीच्या उतारावरील इतर वाड्या तेथेच आहेत.

शाळेत ह्यातले काय करता येईल, असे शिक्षक विचारतात. मोठे काही नको. नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचे क्रेट येतात. नववीच्या वर्गाने एक हंगामभर भावाची रोजची नोंद ठेवावी. त्याबरोबर पाऊस नोंदवावा, रोपापासून काढणीपर्यंतचे दिवस मोजावेत, एका शेतकऱ्याचा, एका हमालाचा आणि एका व्यापाऱ्याचा जबाब त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्यावा, माल कोणत्या गावी जातो ते नकाशावर मांडावे. भाव पडला त्या दिवशी प्रत्येकाने कारण लिहावे आणि दुसऱ्याचे कारण खोडून पाहावे. व्यापाऱ्याला शिव्या देणारा मुलगा त्याची चोपडी पाहील आणि शेतकऱ्याला अडाणी समजणारी मुलगी त्याचा औषधांचा खर्च मांडील. हे सारे भूगोलाच्या तासाला करावयाचे की गणिताच्या की मराठीच्या, ह्यावरून शिक्षकांच्या खोलीत थोडी कुरबूर होईल, आणि वेळापत्रक करणाऱ्या मुख्याध्यापकांना दोन-चार वेळा खाडाखोड करावी लागेल.