आग्रह करा, पण गोळ्यांचाही!

आमच्या एरंडोलकडे गर्भार सुनेच्या ताटात कळण्याची आणखी एक भाकरी हमखास पडते. ‘दोन जिवांची आहेस, खा!’ पण वजन घटवण्यासाठी जिच्या जठरावर शस्त्रक्रिया झाली आहे, तिला नुसता हा आग्रह पुरत नाही. बायपासनंतर अन्न लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग टाळून पुढे जाते. लोह, कॅल्शियम मुख्यतः तिथेच शोषले जाते. बी-१२ही कमी मिळते. म्हणून शस्त्रक्रियेनंतर १२ ते १८ महिने गर्भधारणा टाळायला सांगतात. पुढे गोळ्या आणि दर तिमाहीत रक्ततपासणी हवीच. उलट्या थांबत नसतील तर बी-१ घटून मेंदूला इजा होऊ शकते. लगेच दवाखाना गाठावा. मी बँकेत खाती तपासत आलो. काट्यावरचे वजन ही खरी शिल्लक नव्हे. सासूबाई, वाढा; पण थोडे थोडे, वरचेवर!