ढगांतली वाट, हिमयुगाची सरोवरे

ऑस्ट्रेलियाच्या मुख्य भूमीवरील सर्वोच्च अशा २,२२८ मीटरांच्या कॉझिअस्को शिखराच्या परिसरात अभ्राच्छादित दिवशी एकट्याने चालणाऱ्यास, पश्चिमेची सबाष्प हवा चढणीवर दर शंभर मीटरांस सुमारे एक अंशाने निवत जाऊन अखेर ढगरूप कशी होते, हे बाहीवर जमणाऱ्या सूक्ष्म थेंबांतच प्रत्यक्ष पाहावयास मिळते. खालचे ब्लू लेक हे सरोवर हिमयुगातील हिमनदीने कोरलेल्या द्रोणात साठले आहे. शेजारचे हेडली टार्न मात्र तिनेच आणून टाकलेल्या दगडमातीच्या बांधाआड अडलेले. मुख्य भूमीवर हिमनद्यांची ही दौलत अन्यत्र नाही, म्हणून ती जिवापाड जपली पाहिजे. ढग उतरताच वाट दिसेनाशी होते; तेव्हा एकट्याने जाणाऱ्याने आपल्या मार्गाची व परतीच्या वेळेची वर्दी कोणास तरी अवश्य देऊन ठेवावी.