दहा हजार ट्युलिप, एकच हस्ताक्षर

‘लाल ट्युलिप, पांढरे पट्टे’ एवढं टाइप केलं की काही सेकंदांत फोनवर फूल हजर! बी नाही, माती नाही, माळीही नाही. मग हे फूल काढायला यंत्राला शिकवलं कुणी? ब्रिटिश कलाकार ॲना रिडलर यांनी हा प्रश्न थेट भिंतीवर मांडला.

यंत्र शिकतं ते आधीच्या चित्रांवरून, आणि कशात काय आहे ते आधी माणसांनीच त्याला सांगावं लागतं. २००९ साली मांडलेल्या ‘इमेजनेट’ या संग्रहात पुढे १ कोटी ४० लाखांवर चित्रं जमली. हे मांजर, हे फूल, अशी ओळख पटवण्याचं काम ॲमेझॉनच्या ‘मेकॅनिकल टर्क’वरून देशोदेशींच्या हजारो लोकांनी किरकोळ मोबदल्यात केलं. अशी कामं करणाऱ्यांत भारतीयही पुष्कळ. नाव मात्र कुणाचंच नाही.

रिडलर यांनी हे सगळं काम स्वतःच्या अंगावर घेतलं. नेदरलँड्समधल्या ट्युलिपच्या हंगामात त्यांनी १०,००० फुलांचे फोटो काढले आणि प्रत्येक छापील फोटोखाली पेनने नोंद केली: रंग कोणता, पट्टे आहेत का, कळी की उमललेलं फूल. खरी पंचाईत इथेच होते. पांढरा कुठे संपतो आणि फिकट गुलाबी कुठे सुरू होतो? यंत्राला ‘जरासा गुलाबीसर’ चालत नाही, त्याला एकच शब्द लागतो. तो शब्द कुणीतरी आपल्या नजरेने, आपल्या मर्जीने ठरवलेला असतो. ‘मिरियड (ट्युलिप्स)’ या २०१८च्या कलाकृतीत हे फोटो चुंबकांनी भिंतीवर ओळीने लावले. लांबून सगळं यंत्रासारखं शिस्तीत दिसतं, जवळ गेलं की अक्षर दिसतं.

याच फोटोंवर शिकवलेल्या संगणकाकडून त्यांनी ‘मोझेक व्हायरस’ ही पडद्यावरची कलाकृती करून घेतली. त्यातल्या फुलांवरचे पट्टे बिटकॉइनच्या भावानुसार बदलतात. सतराव्या शतकात हॉलंडमध्ये पट्टेदार ट्युलिपच्या कंदांचे भाव असेच गगनाला भिडले होते. १६३७ साली ते कोसळले. गंमत म्हणजे ते पट्टे विषाणूमुळे उमटत.

रिडलर यंत्राच्या वैरी नाहीत. ट्युलिपच्या आधी एका चित्रफितीसाठी शाईने काढलेली आपली दोनशेच्या आसपास चित्रं त्यांनी संगणकाला शिकायला दिली होतीच. तरीही ‘मिरियड’ची भिंत आणि ‘मोझेक व्हायरस’चा पडदा या दोहोंत भिंतच सरस. पडद्यावरचं फूल भावाबरोबर छान डोलतं, पण त्याला ट्युलिप कुणी म्हटलं ते कळत नाही. भिंतीवरच्या फुलाखाली तसं म्हणणाऱ्या बाईचं अक्षर आहे. इमेजनेटमधल्या कोट्यवधी चित्रांखाली ते नाही.