वातानुकूलित गाडीतली ओल

पावसाळ्याच्या तोंडाशी, जेव्हा हवा दमट होऊन अंगाला चिकटू लागते आणि काचा वर करून एसी लावल्याखेरीज मोटारीत बसणे नकोसे होते, नेमक्या त्याच दिवसांत चालकाच्या डावीकडे बसणाऱ्याच्या पायांखालचे कार्पेट ओले लागते, अशी तक्रार घेऊन पुष्कळ लोक गॅरेजात रुजू होतात. आणि त्यांतील बहुतेकांची पक्की समजूत असते की, यंत्रातले काहीतरी फुटले असून आता डॅशबोर्ड उकलण्याच्या खर्चास तयार राहिले पाहिजे. ही समजूत बहुतांशी निराधार आहे.

पाणी निर्माण होणे हा एसीचा कुसूर नव्हे, तो त्याच्या कार्याचा स्वाभाविक परिणाम होय. डॅशबोर्डाच्या पोटात अ‍ॅल्युमिनियमच्या बारीक पात्यांची कूलिंग कॉइल असते व तिच्या नळ्यांतून फिरणारा गॅस तिला गोठणबिंदूच्या जरा वरपर्यंत थंड करतो. ३० अंश सेल्सियसच्या आणि ८० टक्के आर्द्रतेच्या एका घनमीटर हवेत सुमारे २४ ग्रॅम बाष्प असते. तीच हवा १० अंशांपर्यंत निवाली की तिला साडेनऊ ग्रॅमांहून अधिक बाष्प पेलवत नाही, आणि उरलेले पात्यांवर पाणी होऊन साचते. ब्लोअर तासाला शेकडो घनमीटर हवा ढकलतो, हे ध्यानी घेतले म्हणजे बाहेरची दमट हवा आत घेत असताना या पाण्याचा हिशेब लिटरांत का करावा लागतो, ते कळेल. १९४० च्या सुमारास पॅकार्ड कंपनीने कारखान्यातच वातानुकूलन बसवून गाड्या विकावयास काढल्या, तेव्हा ही कॉइल मागे डिकीत असे. पुढे ती डॅशबोर्डाखाली आली आणि प्रवाशाच्या गुडघ्यांशी तिचा शेजार जडला.

या पाण्याच्या निचऱ्याचा बंदोबस्त अगदी साधा आहे. कॉइलखाली तबक, तबकाला एक ड्रेन पाइप, आणि तो पाइप इंजिनाकडील पत्रा भेदून बाहेर. उभ्या गाडीखाली थेंब ठिबकताना पाहून काही गृहस्थ चिंतातुर होतात. वस्तुतः दमट दिवशी ते ठिबकणे थांबले, तरच चिंतेस कारण आहे. धूळ व पानांचा चुरा साचून, गाडी बरेच दिवस उभी राहिली असता कुंभारीण माशीने तोंडाशी चिखलाचे घर बांधून, किंवा गंज लागू नये म्हणून तळाला मारलेल्या कोटिंगचा थर तोंडावर बसून हा पाइप तुंबतो. मग तबक भरते, वळणावर डॅशबोर्डाच्या आत खळखळ ऐकू येते आणि थंड पाण्याची धार पायांवर उतरते.

तथापि पाइपावर आरोप ठेवण्यापूर्वी पाण्याची जबानी घ्यावी. एसीचे पाणी स्वच्छ, पातळ व निर्गंध असते. बोटांना चिकट लागणारा, रंगीत, गोडसर वासाचा द्रव आढळला व त्यासोबत पुढच्या काचेवर तेलकट धुके धरत असले, तर तो हीटरमधून गळणारे कूलंट समजावा. ते काम निराळे आणि खर्चिकही. एसी बंद असतानाही पावसात कार्पेट भिजत असेल, तर काचेखालची जाळी आणि दारांची रबरे तपासावी.

संशय पाइपावरच स्थिर झाला, तर गाडी रॅम्पवर घ्यावी. नुसत्या जॅकच्या भरवशावर तिच्याखाली कोणीही शिरू नये. पाइपाचे तोंड हाती लागले की खालून बेताच्या दाबाने हवा मारावी. जाणता मेकॅनिक असे करताना चेहरा बाजूला ठेवतो, कारण अडलेले सगळे पाणी गाळासकट एकदम खाली येते. ताठ तार खुपसण्याचा मोह मात्र आवरावा: ती थेट कॉइलपर्यंत पोहोचून नळीस भोक पाडू शकते, आणि मग जो खर्च टळला होता तोच दाराशी उभा राहतो. पाइप मोकळा असूनही पाणी येत असेल, तर तो आपल्या जागेवरून निसटला आहे काय ते पाहावे. पूर्वी डॅशबोर्ड उघडलेल्या गाड्यांत हे नेहमीचे आहे. गॅस कमी झाल्याने किंवा केबिन फिल्टर धुळीने गच्च झाल्याने कॉइलवर बर्फ धरतो व तो वितळताना एकाएकी फार पाणी सुटते, हेही एक कारण. तेथे हवेचा झोत आधीच मंदावलेला आढळतो.

खरे कष्ट यापुढचे. कार्पेट वरून कोरडे भासले तरी त्याखालचा जाड नमदा पाणी धरून बसतो. त्यास बुरशीचा आंबूस वास येतो, आणि खालच्या पत्र्यास व तारांच्या जोडांस गंज चढतो. सबब सीट काढून कार्पेट उचलावे व नमदा उन्हात पूर्ण वाळवावा. ते पुन्हा अंथरण्याआधी एसी अर्धा तास चालवून गाडीखाली थेंब पडतात की नाही हे पाहावे. दुरुस्ती मे महिन्यात नागपुराकडे झाली असेल, तर ही परीक्षा पहिल्या पावसापर्यंत तहकूब ठेवावी, कारण तेथल्या कोरड्या हवेत कॉइलवर पाणी फारसे जमत नाही आणि तुंबलेला पाइपही निर्दोष ठरतो.