तुटके मेणखडू, बटर पेपर आणि पश्चिमेची खिडकी

ज्यांना कानात इअरफोन घालून बसायला वेळ नसतो त्यांच्यासाठी हा भाग लिहून काढलाय. बोलताना येणारे ‘म्हणजे’ आणि ‘बरं का’ थोडे कमी केलेत, सगळे नाही.

आजचा विषय ऐकायला बालवाडीचा वाटेल: घरात पडलेल्या जुन्या मेणखडूंपासून खिडकीला लावायची रंगीत तावदानं. मी बी.टेक. झालेली, दिवसभर कोड लिहिते, रत्नागिरीत घरूनच काम करते. मग हे कुठून आलं? तर आजीच्या खिडकीतून. आमच्या घराच्या पश्चिमेला एक वाडी होती, दोन फणस, एक रायवळ आंबा. तिथे आता चार मजली इमारत उभी आहे. आजी ज्या खिडकीत बसून वाती वळायची, तिथून आता प्लास्टर न केलेली भिंत दिसते. तिने तिथे बसणंच सोडलं. पडदा लावला तर भिंत जाते, पण उजेडही जातो. मला भिंत घालवायची होती आणि उजेड ठेवायचा होता. सातवीतल्या भाचीच्या खणात बूटभर खडूंचे तुकडे होते. तिथून सुरुवात.

आधी एक गोष्ट समजून घेऊ, कारण ती समजली की बाकी कृती पाठ करावी लागत नाही. भज्यांचा कागद आठवा. तेल लागलेल्या जागी तो आरपार दिसायला लागतो. का? कागद म्हणजे तंतूंचं जाळं, आणि मधल्या फटींत हवा. प्रकाश हवेतून तंतूत, तंतूतून परत हवेत असा उड्या मारत जातो आणि प्रत्येक उडीला थोडा विखुरतो, म्हणून कागद पांढरा दिसतो. तेलाचा किंवा मेणाचा अपवर्तनांक तंतूंच्या जवळपास असतो. फटींत हवेऐवजी मेण बसलं की उड्या कमी होतात आणि प्रकाश सरळ पलीकडे जातो. आपण करणार आहोत ते एवढंच: कागदाला मेण पाजायचं, आणि ते मेण रंगीत असेल.

आता खडू. इथेच बहुतेक जणांचं फसतं, कारण आपल्याकडे शाळेच्या डब्यात तीन वेगवेगळ्या जाती एकत्र नांदत असतात. पहिला खरा मेणखडू: पॅराफिन मेण आणि रंगद्रव्य. 1903 मध्ये अमेरिकेत बिनी अँड स्मिथ कंपनीने आठ रंगांचा पहिला क्रेयोला डबा पाच सेंटला विकायला काढला, तेव्हापासून मूळ कल्पना फारशी बदललेली नाही. हा साधारण 50 ते 65 अंश सेल्सिअसला वितळतो. दुसरा ऑइल पेस्टल, ज्याला आपण तेलखडू म्हणतो. त्यात न वाळणारं तेल असतं, म्हणून तो बोटाला लगेच लागतो, आणि वितळवून थंड केला तरी पुरता कडक होत नाही. खिडकीत लावला की एप्रिलमध्ये घाम फुटल्यासारखा तेल सोडतो. तिसरा प्लास्टिकचा खडू, जो खोडता येतो, तुटत नाही. त्याला वितळायला शंभरच्या पुढे तापमान लागतं. इस्त्रीखाली तो नुसता अर्धवट चिकट होतो. ओळखायचं कसं? शार्पनरमध्ये घाला. मेणखडूचा चुरा पडतो, प्लास्टिकची लांब साल निघते, आणि तेलखडू शार्पनरच बुजवून टाकतो. आम्हाला फक्त पहिली जात हवी.

आणि एक: ज्यावर कंपनीचं नाव नाही, कुठल्या जत्रेतून आलेत ते आठवत नाही, असे खडू वितळवू नका. 1994 मध्ये अमेरिकेत आयात केलेल्या काही खडूंमध्ये शिसं सापडलं होतं आणि ते बाजारातून परत मागवावे लागले होते. चार रुपयांच्या खडूसाठी ती शंका कशाला घरात ठेवायची.

कागदासाठी राम आळीत गेलात आणि ‘बटर पेपर’ मागितलात तर दोन वेगळ्या वस्तू हातात पडू शकतात. एक चित्रकलेचा, ट्रेसिंगसारखा कुरकुरीत. दुसरा केक भाजायचा, त्यावर सिलिकॉनचा थर असतो. पहिला मेण पितो, दुसरा मेणाला धरतच नाही. ओळखायला खडूने रेघ मारून पाहा: रेघ नीट उमटली तर पहिला, घसरली तर दुसरा. दोन्ही घ्या, दोन्ही लागतात. पहिला तावदानाचा, दुसरा इस्त्री वाचवायला.

कृती. खडूंवरचा कागद काढा (दहा मिनिटं पाण्यात टाकले की सोलून निघतो, मग खडू पूर्ण कोरडे करा). शार्पनरने किंवा जुन्या किसणीने चुरा करा. ती किसणी पुन्हा नारळाकडे जाणार नाही, हे घरात आधी सांगून ठेवा. आता माझ्या मते सगळ्यात कामाची युक्ती: त्यात साध्या पांढऱ्या मेणबत्तीचा कीस मिसळा, एक भाग खडू, दोन भाग मेणबत्ती. नुसता खडू दाट असतो. कागदावर सुंदर दिसतो, खिडकीत लावला की काळवंडतो, कारण रंगद्रव्याचे कण प्रकाश अडवतात. मेणबत्तीने रंग पातळ होतो आणि उजेड येतो.

याच कारणाने पांढरा खडू वापरायचाच नाही. त्यातलं पांढरं रंगद्रव्य आपारदर्शक असतं, उजेडासमोर ते पांढरं नाही, राखाडी डागासारखं दिसतं. पांढरं हवं तिथे जागा मोकळी सोडा. आणि लाल-हिरवा, जांभळा-पिवळा शेजारी ठेवू नका. वितळून एकमेकांत गेले की चिखल होतो. पिवळा-केशरी-लाल किंवा पिवळा-हिरवा-निळा असे शेजार चालतात.

टेबलावर जुनी चादर दुमडून ठेवा, त्यावर केकचा कागद, त्यावर ट्रेसिंगसारखा बटर पेपर, त्यावर चुरा. ए-फोर आकाराला दोन चमचे पुष्कळ. मध्ये कागद दिसला पाहिजे, मेण पसरतं. वर दुसरा बटर पेपर, त्यावर पुन्हा केकचा कागद. वर्तमानपत्र वापरू नका, शाई उमटते. इस्त्री सगळ्यात खालच्या आकड्यावर, वाफ बंद. घासायची नाही. ठेवायची, पाच मोजायचे, उचलायची. घासलीत की रंग एका दिशेला फराटे मारत जातात. थंड होईपर्यंत वर जाड पुस्तक ठेवा.

इस्त्री मोठ्यांनी धरायची, चुरा मुलांनी टाकायचा. आमच्याकडे कामाची वाटणी अशीच आहे. काही जण खडू कढईत वितळवून ओततात. थेट गॅसवर कधीच नाही. पॅराफिन खूप तापलं की त्याची वाफ पेट घेते, आणि पेटलेल्या मेणावर पाणी ओतलं तर पाण्याची क्षणात वाफ होऊन जळतं मेण अंगावर उडतं. ओतायचंच असेल तर पातेल्यात पाणी आणि त्यात वाटी, म्हणजे शंभर अंशांच्या वर जाणार नाही. शेजारी पातेल्यावर बसेल असं झाकण. उरलेलं मेण मोरीत ओतू नका, पाईपमध्ये गोठतं. वाटी गरम असतानाच कागदाने पुसून घ्या.

आकार कापायला मी थिबा राजवाड्याच्या खिडक्या घेतल्या. 1910 मध्ये बांधून झालेल्या त्या राजवाड्याच्या लाकडी अर्धवर्तुळाकार खिडक्या आपल्याला इतक्या सवयीच्या झाल्यात की आपण बघत नाही. काळ्या कार्डपेपरची अर्धवर्तुळाची चौकट, आत पाकळ्यांसारखे कप्पे, प्रत्येक कप्प्यात वेगळा तुकडा मागून चिकटवलेला. काळी रेघ आली की शेजारचा रंग दुप्पट उठून दिसतो. मुंबईत राजाबाई टॉवरच्या रंगीत काचा पाहिल्या असतील तर तिथेही तुकड्यांमध्ये शिशाच्या काळ्या पट्ट्या आहेत.

पण काचेची अपेक्षा यातून करू नका. खरी रंगीत काच जमिनीवर रंगीत कवडसा पाडते, हे तावदान पाडत नाही. वितळलेलं मेण स्वच्छ पारदर्शक असतं, मेणबत्तीच्या वातीभोवतीचं तळं आठवा. थंड होताना त्यात बारीक स्फटिक तयार होतात आणि ते प्रकाश विखुरतात. म्हणून मेण स्वतः उजळतं, पण कवडसा पुढे पाठवत नाही. मला मात्र नेमकं हेच हवं होतं, कारण ज्यातून कवडसा स्वच्छ येतो त्यातून भिंतही स्वच्छ दिसते.

रंग आजीने निवडले. तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, आणि त्यानंतर ती सारखी म्हणायची, ‘सगळं निळं निळं का झालं गो?’ वयानुसार डोळ्यातलं भिंग पिवळट होतं आणि निळा प्रकाश अडवतं. ते काढून स्वच्छ भिंग बसवलं की अडलेला निळा परत येतो. चित्रकार क्लोद मोने यांचं 1923 मध्ये हेच ऑपरेशन झालं होतं, आणि त्यांनाही रंग वेगळे दिसू लागले होते. आजीला मोने माहीत नाही. तिने डब्यातले सगळे निळे बाजूला काढले, त्यात थोडा हिरवा घातला आणि म्हणाली, ‘फणसाच्या पानांचा हिरवा यात नाही, पण चालेल.’

टांगताना काचेला चिकटवू नका. पश्चिमेची काच दुपारी चांगलीच तापते, मेण मऊ होऊन चिकटतं. खिडकीच्या गजांना दोऱ्याने बांधा, काचेपासून दोन बोटं आत. आणि पावसाळ्यात? आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. मेण पाणी घेत नाही, पण कापलेल्या कडेतून कागद दमट होतो, वळतो, मग बुरशी धरतो. कापून झाल्यावर कडा वितळलेल्या मेणबत्तीत नुसत्या टेकवून घ्या. आमची मे महिन्यात लावलेली तावदानं गणपतीपर्यंत टिकली, दोनच वळली, तीही कड न बुडवलेली. आजी दुपारी तीननंतर तिथे बसते, ऊन त्या इमारतीच्या कडेवरून आत येतं तेव्हा. साडेचारला ते भिंतीमागे जातं, मग ती वातींची परडी उचलून स्वयंपाकघरात येते.