रुग्णवाहिका घेणें आणि रुग्णवाहिका चालविणें

बैल विकत घेणारा मनुष्य वैरणीचा विचार अगोदर करितो. दावणीला जनावर बांधलें आणि घरीं कडबा नाहीं, असा प्रसंग आमच्या शिरोळ तालुक्यांतील शहाणा शेतकरी आपणांवर येऊं देत नाहीं. परंतु तोच शेतकरी गांवच्या सभेंत बसला म्हणजे हा व्यवहार विसरतो. कोणी दात्यानें रुग्णवाहिका दिली, नारळ फुटला, हारतुरे झाले, कीं गांवाचें काम संपलें असें समजलें जातें. चालकाचा पगार कोण देणार, डिझेल कोण भरणार, टायर झिजल्यावर नवे कोण घालणार, हें त्या दिवशीं कोणी विचारीत नाहीं. विचारील तो अपशकुनी ठरतो. म्हणून तो प्रश्न आम्ही येथें शांतपणें विचारूं इच्छितों.

आपल्या तालुक्यास या प्रश्नाची निकड विशेष आहे. नृसिंहवाडीस पंचगंगा कृष्णेस मिळते. त्या काळ्या जमिनीनें आपणांस ऊस दिला, आणि उसाबरोबर कांहीं संकटेंहि दिलीं. पाचटांत घोणस व मण्यार असतात, आणि रात्रीं पाण्याची पाळी असलेल्या माणसाचा पाय त्यांजवर पडतो. गळिताच्या हंगामांत ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या व बैलगाड्या रात्रभर रस्त्यांत असतात. मागें दिवा नसलेल्या गाडीवर मोटारसायकल आदळल्याची वार्ता कोणत्या गांवास नवी आहे? बीडकडून आलेल्या तोडणी मजुरांच्या खोपटांत बाळंतपणें अवेळीं होतात. सांगली, मिरज व कोल्हापूर येथील मोठीं रुग्णालयें आपणांस दूर नाहींत, हें खरें. पण रुग्णालय जवळ असणें निराळें आणि तेथें वेळेवर पोहोंचणें निराळें.

सरकारनें कांहींच केलें नाहीं, असें म्हणणें अन्यायाचें होईल. महाराष्ट्रांत १०८ क्रमांकाची विनामूल्य सेवा सन २०१४ मध्यें सुरू झाली. आरंभीं तींत ९३७ वाहनें होतीं, आणि प्रत्येकांत डॉक्टर असावा अशी योजना होती. गर्भवतींना घरून रुग्णालयांत नेण्याची व परत पोहोंचविण्याची विनामूल्य सोय सन २०११ च्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमानें केली. तथापि हिशेब करून पाहावा. सन २०११ च्या शिरगणतींत राज्याची लोकसंख्या सुमारें ११ कोटि २४ लक्ष होती. म्हणजे ९३७ वाहनांपैकीं प्रत्येकाच्या वाट्यास सुमारें १ लक्ष २० हजार माणसें येतात. साडेतीन लक्षांहून अधिक वस्तीच्या आपल्या तालुक्यास या प्रमाणानें तीनच वाहनें मिळतील. एक मिरजेस गेलें, दुसरें अपघातावर गेलें, तर तिसऱ्या हांकेस वाट पाहावी लागणारच. गांवची गाडी हवी ती या तिसऱ्या हांकेसाठीं.

आमचें आयुष्य मामलेदार कचेरींतील वह्यांत गेलें, त्यामुळें प्रत्येक गोष्टीची जमा व खर्च पाहण्याची संवय जडली आहे. या भागांतील एका गांवीं देणगीची गाडी आम्हीं चावडीजवळ उभी पाहिली. इंजिन धड होतें. विमा संपला होता, एक टायर बसला होता आणि चालक पगाराअभावीं दुसरीकडे कामास लागला होता. गाडी मोडून बंद पडली नव्हती. तिचें खातें रिकामें होतें म्हणून ती उभी होती. नवी गाडी मिळाली असती तरी दोन वर्षांनीं तीहि तेथेंच उभी राहिली असती.

ज्यांनीं हें कोडें सोडविलें त्यांचे मार्ग पाहण्याजोगे आहेत. हैदराबाद येथें सन २००५ मध्यें १०८ ची सेवा निघाली ती सत्यम् कंपनीच्या संस्थापकाच्या आधारावर. सन २००९ च्या जानेवारींत ती कंपनी कोसळली. दाता गेला, तरी सेवा राहिली. कारण तोंवर चालू खर्चाचा बहुतेक भार सरकारी तिजोरीनें उचलला होता, आणि व्यवस्थापन दुसऱ्या उद्योगसमूहानें हातीं घेतलें. मुंबईंत त्याच वर्षीं, सन २००५ मध्यें, निघालेल्या १२९८ सेवेनें वेगळी युक्ति केली. खासगी रुग्णालयांत जाणाऱ्यानें पुरतें भाडें द्यावें, सरकारी रुग्णालयांत जाणाऱ्यानें थोडें द्यावें. रोग्याची ऐपत विचारीत बसण्याची गरज नाहीं. तो कोठें जातो यावरून ती कळते.

परदेशांतील गरीब प्रांतांनीं तर गाडी न घेतांहि काम भागविलें आहे. नायजेरियाच्या उत्तर भागांत भाड्याच्या मोटारींच्या चालकांना शिकवून अडलेल्या बाळंतिणींना दवाखान्यांत नेण्याचें काम दिलें. मोबदला म्हणून त्या चालकास मोटारतळावर रांगेंत पहिला नंबर मिळतो. रोख मेहनताना कोणास द्यावा लागत नाहीं. उत्तर इराक व कंबोडिया येथें सुरुंगांनीं जखमी होणाऱ्यांसाठीं खेड्यांतील लोकांनाच प्रथमोपचार शिकविले. पूर्वीं शंभर जखमींपैकीं सुमारें ४० दगावत. सन १९९७ ते २००१ या पांच वर्षांत तें प्रमाण सुमारें १५ वर आलें. यांतून दिसतें कीं, चाकाइतकेंच महत्त्व शिकलेल्या हाताला आहे.

आतां आपल्या गांवांचा अंदाज मांडूं. आंकडे गृहीत आहेत. प्रत्येक सोसायटीनें आपले घालावेत. चार-पांच गांवें मिळून एक गाडी, किंमत १५ लक्ष, आयुष्य आठ वर्षें धरलें. तीन पाळ्यांच्या तीन चालकांस दरमहा १५,००० प्रमाणें वर्षास ५,४०,००० रुपये. महिन्यास ४० खेपा, खेपेस ६० किलोमीटर, लिटरास १० किलोमीटर व ९५ रुपये दर धरल्यास डिझेल २,७३,६००. विमा, टायर व दुरुस्ती १,२०,०००. प्राणवायु व औषधें ६०,०००. आणि जो आंकडा कोणी लिहीत नाहीं तो घसारा, १,८७,५००. एकूण ११,८१,१००; म्हणजे खेपेस सुमारें २,४६० रुपये. मुंबईच्या युक्तीनें सरासरी ६०० रुपये भाडें आलें, तर वर्षास २,८८,००० जमा होतील. उरले ८,९३,१००.

ही तूट दरवर्षीं देणगीनें भरूं म्हणाल तर तें होणें नाहीं. पण त्या गांवांचा मिळून ७,५०० एकर ऊस असेल आणि एकरीं ४० टन उतारा पडेल, तर ३ लक्ष टन होतात. टनामागें तीन रुपये घेतले कीं ९ लक्ष जमले. एक एकरवाल्यास वर्षाचे १२० रुपये पडतात. तेवढ्यांत युरियाचें अर्धें पोतें येईल. तें न आल्यानें पीक बुडत नाहीं.

यावर शेतकरी बंधु म्हणतील, ‘ऊसबिलांतून आधींच पुष्कळ कपाती होतात, आणखी एक कशास?’ हा आक्षेप रास्त आहे. म्हणूनच कपात सर्वसाधारण सभेच्या ठरावावांचून होऊं नये, आणि सभासदाची लेखी संमति असावी. रक्कम निराळ्या खात्यांत असावी. घसाऱ्याची ठेव तर वेगळीच, आणि तिला दुरुस्तीसाठींहि कोणी हात लावूं नये. दरमहा खेपा, किलोमीटर, लिटर व शिल्लक हे चार आंकडे चावडीच्या फळ्यावर लिहावेत. किलोमीटर व लिटर शेजारीं शेजारीं लिहिले म्हणजे चोरी आपोआप दिसते. आणि तोडणी मजुरांकडून भाडें घेऊं नये. ज्यांच्या कोयत्यावर आपला ऊस कारखान्यास जातो, त्यांच्या बाळंतिणीकडे पैसे मागणें आपणांस शोभणारें नाहीं.

दोन गोष्टी तर एक पैसाहि न खर्चितां होतील. पहिली, प्रत्येक गांवांत दहा तरुणांनीं प्रथमोपचार शिकावेत: वाहतें रक्त दाबून धरणें, सर्पदंशाच्या जागीं चिरा न देणें व आवळून न बांधणें, तो अवयव न हलवितां रोगी आडवा नेणें. अपघातग्रस्तास हात लावला तर पोलिसांचा ससेमिरा लागेल, ही भीति आतां सोडावी. सन २०१९ च्या मोटार वाहन सुधारणा कायद्यानें अशा मदतकर्त्यास संरक्षण दिलें असून नांव सांगण्याचीहि सक्ती त्याजवर नाहीं. दुसरी, पुराची तयारी. सन २०१९ च्या ऑगस्टांत व सन २०२१ च्या जुलैंत आपलीं अनेक गांवें पाण्यानें वेढलीं, तेव्हां उत्तमांतील उत्तम गाडी निरुपयोगी होती. म्हणून पावसाळ्यापूर्वींच दिवस भरत आलेल्या स्त्रियांची व जुन्या रोग्यांची यादी करावी, आणि पाणी रस्त्यावर येण्याआधीं त्यांस उंचावरील गांवीं न्यावें. नावेची भरंवशाची सोय कोठें आहे, तेंहि याच यादींत लिहून ठेवावें.

गांवास गाडी देऊं करणारा दाता पुढें आला, तर त्याचे आभार मानून सभेनें एकच विनंति करावी: ‘गाडी आम्ही वर्गणीनें घेऊं, आपण पहिल्या तीन वर्षांचा चालकांचा पगार द्यावा.’ या विनंतीस जो होकार देईल, त्याच्या गळ्यांत आम्ही स्वतः आनंदानें हार घालूं.