लोखंडाची बॅटरी: टेक्सास, शेनझेन आणि चाकण

इलेक्ट्रिक गाड्यांचा विषय निघाला की पाच मिनिटांत गप्पा इलॉन मस्कवर येतात. मग निम्मे त्याच्या बाजूने, निम्मे विरोधात, आणि खरा प्रश्न तसाच राहतो: शंभर वर्षं मागे पडलेली ही गाडी गेल्या वीस वर्षांत एवढी पुढे आली कशी?

‘मागे पडलेली’ हे शब्दशः खरं आहे. ताशी १०० किलोमीटरचा वेग ओलांडणारी पहिली मोटार विजेवर चालणारी होती, आणि ते साल होतं १८९९. विजेची मोटर तेव्हाही चांगलीच होती. अडत होतं ते बॅटरीपाशी. शिशाची बॅटरी जड, आणि एका किलो पेट्रोलमध्ये जितकी ऊर्जा मावते तिच्या तुलनेत तिच्यात मावणारी ऊर्जा अगदीच नगण्य. म्हणून इलेक्ट्रिक गाडीची गोष्ट सांगायची तर ती बॅटरीपासूनच सांगावी लागते. २०२४ मध्ये जगात विकल्या गेलेल्या दर पाच नव्या मोटारींमागे एकीहून जास्त प्लग लावून चार्ज करता येणारी होती. या गाड्यांच्या बॅटऱ्यांची एकूण क्षमता मोजली तर त्यातला जवळपास निम्मा वाटा एकाच रसायनाचा होता: लिथियम आयर्न फॉस्फेट, थोडक्यात एलएफपी. हा लेख त्या एका रसायनाच्या प्रवासाबद्दल आहे. कल्पना कोणाला सुचते आणि ती फळते कुठे, हे त्यातून फार स्पष्ट दिसतं.

आधी थोडं रसायन

लिथियम-आयन बॅटरी समजायला गच्चीवरची पाण्याची टाकी डोळ्यांसमोर आणा. पंप लावून पाणी वर चढवायचं, मग नळ सोडला की ते आपोआप खाली येतं. बॅटरीत पाण्याच्या जागी लिथियमचे आयन असतात. चार्जिंग म्हणजे त्यांना ग्रॅफाइटच्या थरांमध्ये नेऊन बसवणं. गाडी चालू केली की ते दुसऱ्या बाजूच्या पदार्थाकडे, म्हणजे कॅथोडकडे, परत येतात. त्याच वेळी बाहेरच्या तारेतून इलेक्ट्रॉन वाहतात आणि मोटर फिरते. बॅटरी किती महाग, किती सुरक्षित आणि किती टिकाऊ, हे बऱ्याच अंशी कॅथोड कशाचा आहे यावर ठरतं.

या विचाराची सुरुवात १९७० च्या दशकात एक्सॉन या तेल कंपनीत झाली, हा एक गमतीदार योगायोग. तेलाची टंचाई आली तर काय, म्हणून कंपनीने संशोधन सुरू केलं. तिथे स्टॅनली व्हिटिंगहॅम या ब्रिटिश शास्त्रज्ञाने लिथियमची पुन्हा चार्ज होणारी बॅटरी बनवली. पुढे कंपनीने हे काम गुंडाळलं. १९८० मध्ये ऑक्सफर्डला जॉन गुडइनफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोबाल्ट ऑक्साइडचा कॅथोड शोधला. ऑक्सफर्ड विद्यापीठाला त्याचं पेटंट घ्यावंसं वाटलं नाही. जपानमध्ये अकिरा योशिनो यांनी त्या कॅथोडला कार्बनची जोड देऊन १९८५ मध्ये वापरता येईल अशी सुरक्षित बॅटरी तयार केली, आणि १९९१ मध्ये सोनीने ती बाजारात आणली. कशासाठी? व्हिडिओ कॅमेऱ्यासाठी! व्हिटिंगहॅम, गुडइनफ आणि योशिनो या तिघांना २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

मोटार यात बरीच उशिरा आली. २००३ मध्ये मार्टिन एबरहार्ड आणि मार्क टार्पेनिंग यांनी टेस्ला स्थापन केली तेव्हा लिथियम बॅटरी स्वस्त होत होती ती लॅपटॉपमुळे. त्यांच्या पहिल्या रोडस्टरमध्ये लॅपटॉपमध्ये असतात तसले ६,८३१ छोटे सेल एकत्र बांधले होते. कल्पना धाडसी होती, पण त्या सेलमध्ये कोबाल्ट होतं. कोबाल्ट महाग, त्याचा बहुतेक पुरवठा काँगोमधून, आणि असा कॅथोड फार तापला तर स्वतःच ऑक्सिजन सोडतो. म्हणजे आग लागली तर तिला हवा बाहेरून मिळायचीही गरज नाही.

टेक्सासमधला १९९७ चा शोधनिबंध

ऑक्सफर्डला सक्तीची निवृत्ती जवळ आली म्हणून गुडइनफ १९८६ मध्ये टेक्सास विद्यापीठात गेले. वयाच्या पंच्याहत्तरीला टेकलेले असताना, १९९७ मध्ये, त्यांच्या गटाचा एक शोधनिबंध आला. त्यावर तीन नावं आहेत: पाढी, नंजुंडस्वामी, गुडइनफ. पहिलं नाव असलेले अक्षय पाढी गुडइनफ यांचे पीएचडीचे विद्यार्थी होते. सोनीची बॅटरी ज्या पदार्थावर उभी होती त्याऐवजी या निबंधात लोखंड आणि फॉस्फेट होतं.

फायदा काय? लोखंड कुठेही मिळतं आणि स्वस्त असतं. फॉस्फेटमध्ये ऑक्सिजन फॉस्फरसला इतका घट्ट धरून बसलेला असतो की पदार्थ तापला तरी तो सहजी सुटत नाही. म्हणून आगीचा धोका कमी. तोटेही होतेच. तेवढ्याच वजनात कोबाल्टपेक्षा कमी ऊर्जा मावते, आणि मूळ पदार्थातून वीज नीट वाहतच नाही. पुढे मॉन्ट्रियलमध्ये मिशेल आर्मांड आणि सहकाऱ्यांनी त्याच्या कणांवर कार्बनचा पातळ थर दिला, आणि दुसरी अडचण बरीचशी सुटली.

अमेरिकेत या रसायनावर मोठी कंपनीही उभी राहिली. एमआयटीतले प्राध्यापक येत-मिंग चियांग आणि इतरांनी २००१ मध्ये ए१२३ सिस्टिम्स काढली. तिला सरकारी मदत मिळाली, शेअर बाजारातून पैसा मिळाला. मिळाली नाहीत ती पुरेशी गिऱ्हाइकं. २०१२ मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली, आणि चीनच्या वानशियांग समूहाने ती विकत घेतली.

शेनझेनने काय केलं

आता दोन माणसं बघू. पहिले वान गांग. शांघायचे, जर्मनीत पीएचडी, मग तिथेच आउडीमध्ये दहाएक वर्षं नोकरी. २००० च्या सुमारास त्यांनी चीन सरकारपुढे मांडलेला मुद्दा साधा होता: पेट्रोल इंजिनात आपण जर्मनी-जपानला कधीच गाठणार नाही, विजेच्या गाडीत मात्र सगळेच नवखे आहेत, तेव्हा शर्यत तिथे लावा. ते मायदेशी परतले, आणि २००७ मध्ये देशाचे विज्ञान-तंत्रज्ञान मंत्री झाले. तेही कम्युनिस्ट पक्षाचे सदस्य नसताना. २००९ पासून निवडक शहरांत बस आणि टॅक्सींसाठी अनुदानं सुरू झाली.

दुसरे वांग चुआनफू. हे रसायनशास्त्रज्ञ. १९९५ मध्ये शेनझेनला त्यांनी बीवायडी ही कंपनी सुरू केली. आधी मोबाइल फोनच्या बॅटऱ्या, मग २००३ मध्ये एक मोटार कंपनी विकत घेऊन थेट गाड्या. त्यांनी एलएफपीवर भर दिला. बसला वजनाची फारशी फिकीर नसते. तिला स्वस्त, टिकाऊ आणि न पेटणारी बॅटरी लागते. म्हणजे एलएफपीला हवं तसं गिऱ्हाईक सरकारनेच तयार करून दिलं. २०१७ संपता संपता शेनझेनच्या १६,००० हून अधिक सार्वजनिक बस विजेवर धावू लागल्या.

हे सगळं सरळ रेषेत झालं असं मात्र समजू नका. २०१६ मध्ये काही बस कंपन्यांनी खोटे आकडे दाखवून अनुदान लाटल्याचं उघड झालं. त्याच सुमारास अनुदानाचे नियम जास्त ऊर्जा मावणाऱ्या बॅटरीकडे झुकले आणि एलएफपी मागे पडली. मग अभियंत्यांनी वेगळी वाट धरली. रसायन तेच ठेवून सेल लांब, चपटे केले आणि मधली खोकी काढून टाकली. त्यामुळे तेवढ्याच जागेत जास्त ऊर्जा मावू लागली. २०२० मध्ये बीवायडीने ‘ब्लेड’ बॅटरी आणली. त्याच वर्षी शांघायला बनणाऱ्या टेस्लाच्या काही गाड्यांतही एलएफपी बसली.

आणि चाकण?

पुण्याजवळ चाकणला बनणारी महिंद्राची बीई ६ घ्या, किंवा टाटांची नेक्सॉन ईव्ही. दोन्हींत एलएफपीच आहे. पण भारतात वापरले जाणारे बहुतांश सेल आजही बाहेरून येतात, मुख्यतः चीनमधून. ज्या निबंधावर पहिली दोन नावं भारतीय आहेत, त्यातलं रसायन टेक्सासहून निघून चीनमार्गे, पैसे मोजून, चाकणला पोहोचतं.

परदेशात राहणाऱ्या आपल्यासारख्यांत यावर ठरलेली प्रतिक्रिया येते: ‘बघा, हुशार पोरं बाहेर गेली म्हणून असं झालं. वान गांग परतला, आपले परतले नाहीत.’ मला हे पटत नाही, कारण आपले परतलेही होते. चेतन मैनी मिशिगन आणि स्टॅनफर्डला शिकून बंगळुरूला आले. त्यांची रेवा २००१ मध्ये बाजारात आली. लंडनमध्ये ती ‘जी-विझ’ नावाने विकली गेली, तिथे गजबजलेल्या भागात जायचा कर तिला माफ होता. म्हणजे लंडनने गिऱ्हाईक व्हायला एक कारण दिलं. भारतात तेव्हा असं ठोस कारण कोणी दिलं नाही, आणि २०१० मध्ये कंपनीचा बहुतांश हिस्सा महिंद्राकडे गेला.

परत आल्यावर वान गांग यांच्या हाती दहा-पंधरा वर्षं टिकलेलं धोरण होतं आणि बसची हजारोंची मागणी होती. मैनींकडे यातलं काही नव्हतं. ए१२३ तर अमेरिकेतच होती, तरी बुडाली. तेव्हा माणूस कुठे राहतो हा मुद्दा दुय्यम. कल्पना अर्धवट असतानाच, तोटा सोसून, ती वर्षानुवर्षं विकत घेणारं कोणी आहे का, यावर पुढचं ठरतं.

याची पुढची परीक्षा सुरू झालीच आहे. लिथियमऐवजी मिठातल्या सोडियमवर चालणारी बॅटरी बनवणारी फॅरेडियन ही इंग्लंडमधल्या शेफील्डची कंपनी. ती विकत घेत असल्याचं रिलायन्सने २०२१ च्या अखेरीस जाहीर केलं. चीनच्या सीएटीएलनेही त्याच वर्षी आपली सोडियम बॅटरी दाखवली. सोडियमची बॅटरी आज लिथियमपेक्षा कमी ऊर्जा साठवते, अगदी एके काळच्या एलएफपीसारखी. या वेळी कल्पना आपल्या हातात आली आहे. तुमच्यापैकी जे पदार्थविज्ञान शिकताहेत ते तिची क्षमता वाढवतीलही. पण पहिल्या हजार बस, रिक्षा आणि स्कूटर कोण घेणार, हे प्रयोगशाळेत ठरत नाही. जे अर्थशास्त्र, कायदा किंवा सार्वजनिक धोरण शिकताहेत, त्यांनी बॅटरी हा आपला विषय नाही असं समजू नये.